माळेतला जर्मन घोडा

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर एक खोल खाच आहे. मागे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ती पाहून विचारलं, "ये चोट कब लगी?" मी म्हटलं, चोट नाही मॅडम, धंदा आहे. त्यांना काही कळलं नाही आणि बाहेर रांग मोठी होती, म्हणून मीही समजावत बसले नाही. ते काम आता इथे करते.

सोनार दागिना घडवतो, सराफ तो विकतो, आणि रेशमात ओवून, गाठी मारून, गळ्यात घालण्याजोगा करून देतो तो पटवेकरी. आमच्या भंडाऱ्याकडे पटवी म्हणतात, इकडे छत्तीसगढमध्ये पटवा. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायचं, दोरा ताणून धरायचा, मणी ओवायचा, गाठ मारायची, पुढचा मणी ओवायचा. दोन मण्यांत गाठ असली की माळ तुटली तरी सगळे मणी घरभर पळत नाहीत. गाठ मण्याला टेकली पाहिजे, पण मणी तिथल्या तिथे फिरला पाहिजे. घट्ट झाली तर माळ काडीसारखी उभी राहते, सैल झाली तर लोंबते. माझ्या वडिलांनी पवनीला मला काचेच्या मण्यांवर शिकवलं. दिवसभर गाठायला लावायचे आणि संध्याकाळी सगळं उसवायला लावायचे. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात फार शिव्या दिल्या आहेत. आज माझी गाठ भिलाईत दुसऱ्या कोणाला उसवता येत नाही, कापावीच लागते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच.

लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. त्याच्या शिफ्टा, माझं रिकामपण. मग हुडको वसाहतीतल्या एका सराफाच्या ओट्यावर मी गादी टाकली ती अजून तिथेच आहे. सराफ बदलले, बापाचा मुलगा गल्ल्यावर आला, मी तीच. सेठ मला दुकानाची खिडकी म्हणतो, कारण रस्त्यावरून येणाऱ्या बाईला आधी मी दिसते.

भिलाईत देशभरातली माणसं प्लांटच्या नोकरीपायी आली. कोण कुठलं ते लोक बोलण्यावरून ओळखतात, मी गळ्यावरून. तेलुगू बाईला पिवळा दोरा हवा, आमच्या वऱ्हाड-झाडीतल्या बाईला डोरलं आणि काळी पोत हवी, छत्तीसगढी म्हातारी चांदीच्या रुपयांची माळ घेऊन येते आणि तिला पोपटी गोंडा लागतो. रेल्वेत गँगमध्ये काम करणारे नागपूरकडचे एक बौद्ध गृहस्थ मुलीच्या लग्नाचं मंगळसूत्र गाठवायला आले होते. मी सवयीनं मुहूर्त विचारला. ते म्हणाले, "मुहूर्त आमाले नाही पायजे, बाई. मले रविवारची सुटी आहे, रविवारी करून द्या." रविवारी येऊन समोर बसले आणि काम झाल्यावर रुळाचे बोल्ट तपासतात तशी एकेक गाठ बोटानं दाबून पाहिली. शेवटाकडे थांबले. "ही ढिली आहे." मला राग आला. दाबून पाहिली तर खरंच ढिली होती. मी ती पुन्हा मारली आणि त्यांना चहा पाजला.

दुसरे एक महाशय मरोदा टँकच्या तळ्यावर गळ टाकून बसायचे. बायकोचं मंगळसूत्र सारखं तुटतं म्हणून त्यांनी ते मासे धरायच्या नायलॉनमध्ये स्वतःच ओवलं. तुटलं नाही, पण बायकोची मान कापली. ती माझ्याकडे आली ती मानेला हळद लावून, आणि नवऱ्याला ओट्याखाली उभा करून. गाठून होईपर्यंत त्याला तिने बसू दिलं नाही.

मंगळसूत्र गाठायला काढलं की तेवढ्या वेळापुरता बाईच्या गळ्यात हळदीचा दोरा बांधायची रीत आहे. तो दोरा मी कायम तयार ठेवते. एक बाई मात्र म्हणाली होती, "राहू द्या वो, थोडा वेळ मोकळा गळा. बरं वाटते." मी दोरा पुन्हा डबीत ठेवला आणि त्या दिवशी मुद्दाम सावकाश गाठलं.

आमच्या धंद्यात एकच कडक नियम आहे. मालकाने समोर बसायचं. सोनं आम्ही घरी नेत नाही, रात्रभर ठेवत नाही, पावती देत नाही. बाई समोर बसते, तिच्या डोळ्यांदेखत जुना दोरा कापला जातो, तिच्या डोळ्यांदेखत नवा ओवला जातो, आणि ती उठते ती दागिना गळ्यात घालूनच. मधे तिला लघवीला जायचं असलं तरी मी हात थांबवते. या नियमामुळे माझ्यावर कधी आळ आला नाही. आणि हा नियम पाळूनसुद्धा एकदा एका पोरीवर आळ आला, ती गोष्ट मला खरं तर सांगायची आहे.

आमच्याकडे जुन्या घरांत पुतळ्यांची माळ असते. पुतळी म्हणजे सोन्याची पातळ चकती, तिच्यावर उभी माणसाची आकृती, वर ओवायला बारीक कडी. छत्तीसगढी बाया पुतरी म्हणतात. ही मूळची नाणी. समुद्रापलीकडून व्यापारी सोन्याची नाणी घेऊन यायचे, आपल्या बायकांनी ती बाजारात न वापरता गळ्यात घातली, आणि पुढे सोनारांनी तशाच चकत्या इथे पाडायला सुरुवात केली. त्यामुळे आज जी पुतळी दिसते ती बहुधा नकलेची नक्कल असते.

विमलमावशींच्या माळेत मात्र एक पुतळी वेगळी होती. विमलमावशी हुडकोतल्याच, आमच्या दुकानामागच्या तिसऱ्या गल्लीत राहणाऱ्या. नवरा प्लांटमधून रिटायर होऊन वारलेला. माळ त्यांच्या सासूची, साकोलीकडच्या शेतकरी घरातून आलेली. बाकी सगळ्या पुतळ्यांवर ती नेहमीची उभी आकृती, आणि मधोमध या एकीवर उधळलेला घोडा. मागच्या बाजूला मुकुट आणि त्याखाली एकमेकांत गुंतलेली अक्षरं. हळद, तेल, चुलीचा धूर, सगळं पिढ्यान्‌पिढ्या त्या खोबणींत जाऊन बसलं होतं, त्यामुळे सोन्याच्या चकतीवर घोडा काळा कुळकुळीत दिसायचा. मावशी त्याला "माहा घोडा" म्हणत. गल्लीतल्या लोकांचं ठाम मत होतं की ते नाणं रशियन आहे. प्लांट उभारायला रशियन साहेब आले होते ना, त्यातल्याच कोणीतरी मावशींच्या सासऱ्यांना दिलं असणार. मावशींचे सासरे साकोली सोडून कधी भिलाईला आलेच नव्हते, पण एवढ्या बारीकसारीक गोष्टी कोण बघतो.

त्या घोड्याचं गाव सांगितलं घोषसाहेबांनी. हे प्लांटमधले निवृत्त इंजिनिअर, जुन्या नाण्यांचे वेडे. सेठकडे कोणी जुना रुपया मोडायला आणला की सेठ त्यांना फोन करायचा. असेच एकदा ते आले तेव्हा ओट्यावर मावशी माझ्यासमोर बसल्या होत्या आणि घोडा माझ्या पायाच्या अंगठ्यापाशी दोऱ्यावर लटकत होता. साहेब चपला काढायला वाकले ते वाकलेलेच राहिले. मग खिशातून भिंग काढलं. कितीतरी वेळ बघून म्हणाले, "माताजी, ये आपके पास कैसे आया?"

"लग्नात आला," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी सांगितलं ते असं. तेव्हा जर्मनी हा एक देश नव्हता. आपल्याकडे राजनांदगाव, खैरागड, कवर्धा अशी संस्थानं होती तशी तिकडे शेकडो संस्थानं होती. त्यातल्या ब्राउनश्वाइग नावाच्या एका डचीचं, म्हणजे ड्यूक पदवीच्या सरदाराच्या राज्याचं हे नाणं. उधळलेला घोडा ही त्या घराण्याची खूण. अठराव्या शतकातलं. सोनं जवळजवळ निखळ, म्हणून मऊ. आणि हा जो साचा आहे तो फार कमी पाडला गेलेला, त्यामुळे संग्रह करणारे लोक सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट देतील. "लेकिन ये कड़ी लगाकर किसी ने सत्यानाश कर दिया," ते कळवळून म्हणाले.

"कडी नसती तं गळ्यात घातली कशी असती?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी सेठच्या काट्यावर माळ तोलून घेतली, मावशींना नाणं विकायचा आग्रह केला, मावशींनी मान हलवून नाही म्हटलं, आणि जाता जाता ते आम्हा सगळ्यांना बजावून गेले की काहीही करा पण हे नाणं धुऊ नका, घासू नका. नाण्यावरचा जुना थर गेला की किंमत गेली. त्या दिवशी मावशींची मुलगी रेखाही सोबत होती. ती दुर्गला पद्मनाभपूरला दिलेली. "कितीतरी पट" हे शब्द तिने मन लावून ऐकले, आणि काट्यावरचा आकडाही.

पुढे मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेला. दोन्ही डोळ्यांत. मुलगा राजू आजारपणात गेला, आणि घरात राहिल्या मावशी आणि त्यांची सून सुनीता. सुनीता गोंदियाची. रसमड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची, येऊन स्वयंपाक, सासूला अंघोळ, सासूची वेणी. गल्लीत तिचं बोलणं कमी. मावशी अंधारात चाचपडत असायच्या आणि रागही सगळा तिच्यावरच काढायच्या, कारण दुसरं होतंच कोण.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण चष्मा दुसऱ्या डोळ्यानंतरच मिळणार होता, त्यामुळे जवळचं धूसरच दिसायचं; काही महिन्यांनी दुसऱ्याचं ठरलं. दवाखान्यात अंगावरचे दागिने काढायला सांगतात. मावशींनी माळ काढून सुनीताच्या हातात दिली. रेखा शेजारीच उभी होती, तिच्या हातात नाही दिली. मला विचाराल तर सगळं भांडण तिथेच सुरू झालं, नाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी सुनीता माळ घेऊन माझ्याकडे आली. रेशीम कुजलं होतं. ती समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काकू, परवा आईची पट्टी निघून राहिली. आता दोन्ही डोळ्यांनं दिसन. पयले हेच पाहू दे तिले. चमकली पायजे."

मी म्हटलं, "घोषसाहेब धुऊ नका म्हणाले होते."

"घोषसाहेबाच्या गळ्यात घालाची आहे का?"

मला हे पटलं. आजही पटतं. जी वस्तू काचेच्या कपाटात ठेवायची तिचा मळ जपा, हरकत नाही. गळ्यात घालायची ती स्वच्छ हवी. मी रिठ्याच्या कोमट पाण्यात एकेक पुतळी भिजवली, मऊ कुंच्याने चोळली, आणि घोडा धुतला तेव्हा पाणी चहासारखं झालं. मळाखालून घोड्याची आयाळ निघाली, शेपूट निघाली, खुरांखालचं गवतसुद्धा निघालं. इतकी वर्षं तो माझ्या हाताखालून गेला होता, पण त्याला गवत आहे हे मलाच माहीत नव्हतं. सुनीता ओट्यावर पुढे सरकून बघत होती आणि हसत होती. नवरा गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. लाल रेशमात माळ गाठली, ती तिने रुमालात बांधली, पोलक्यात ठेवली आणि घरी गेली. गळ्यात घातली नाही. विधवेनं पुतळ्यांची माळ घालायची नाही असं त्यांच्याकडे मानतात; मावशींनी स्वतःपुरतं ते जुमानलं नव्हतं, पण सुनेला घाल असं कोणी म्हटलं नव्हतं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण दोन्हीकडून ऐकलं आहे. पट्टी निघाली, चारदोन दिवस गेले, चष्मा आला. गल्लीतल्या बाया मावशींना बघायला जमल्या, रेखाही दुर्गहून आली. सगळ्यांसमोर सुनीताने रुमाल सोडला आणि माळ सासूच्या हातात दिली. मावशींनी ती खिडकीकडे धरली, चष्मा वरखाली केला, आणि म्हणाल्या, "हा घोडा माहा नाही."

सुनीताला वाटलं थट्टा आहे.

"माहा घोडा काळा होता," मावशी म्हणाल्या. "हा नवा आहे. पिवळाधमक. माहा घोडा कुठी आहे?"

रेखा म्हणाली, "मी बोलली होती ना आई? सीधी बात आहे. त्या बंगाली साहेबाले असली देला, सोनाराकडून नकली बनवून लावला." आणि मग मावशी, ज्यांची वेणी त्याच सकाळी सुनीताने घातली होती, त्या भरल्या घरात म्हणाल्या, "बाहेरून चोर यायची गरज काय? माह्या घरातच आहे."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतं न उघडतं तोच तिघी ओट्यावर. सुनीताचे डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. ती म्हणाली, "काकू, गोंदियाची बॅग भरून ठेवली आहे. आज खरं-खोटं झालं नाही तं मी दुपारच्या गाडीनं जाते. नोकरी जाईन तं जाईन. चोर म्हणून मी त्या घरात राहत नाही."

मी छातीठोकपणे सांगितलं की पुतळी तीच आहे, मी धुतली, मीच गाठली, ही पोरगी समोर बसली होती. रेखा म्हणाली, "तुमी दोघी समोरासमोर होत्या. तिसरं कोण होतं?" माझा आयुष्यभराचा नियम तिने एका वाक्यात उलटा करून माझ्याच हातात दिला. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, ओटा सेठचा आहे.

सेठने माळ काट्यावर ठेवली. रेखाने आकडा पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "कमी आहे! त्या दिवशी जास्त होतं."

गुंजभर कमी होतं खरं.

"मळ गेला," मी म्हटलं.

"मळाले वजन रायते का?"

"रायते वो बाई. घरी जाऊन पायपुसणं धू, मग तोलून पाहा."

सेठने घोषसाहेबांना बोलावलं. ते आले, भिंग लावलं, आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "धो दिया!" मग खाली बसले. मला म्हणाले, "कुसुमजी, आपने इसको धो दिया!" मी म्हटलं, धुतलं, आणि आता सांगा हे तेच आहे का. "वही है," ते म्हणाले, "सौ टका वही है। पर अब वो बात नहीं रही." वेगळा दिवस असता तर मला त्यांची दया आली असती. रेखा ताडकन म्हणाली, "हे तं म्हणतीलच. ज्यांनं घेतला तोच साक्ष देऊन राहिला." साहेबांचा चेहरा पडला. आयुष्यात त्यांना कोणी असं बोललं नसावं. ते उठले आणि चपला शोधू लागले.

या सगळ्यात मी मावशींकडे बघत होते. माळ त्यांच्या मांडीवर होती आणि त्या तिच्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तशा बघत होत्या. पुनःपुन्हा चष्मा सारखा करत होत्या. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही बाई बारा महिने तेरा त्रिकाळ ही माळ हातात घेऊन बसलेली असायची. डोळे गेल्यावर तर जपमाळेसारखी. तिने घोडा शेवटी नीट पाहिला त्याला जमाना लोटला. तिची खरी ओळख बोटांशी होती, आणि आम्ही सगळे तिला डोळ्यांनी ओळखायला सांगत होतो.

मी म्हटलं, "मावशी, चष्मा काढा. डोळे मिटा."

"आता कावून?"

"मिटा तं खरं."

त्यांनी चष्मा रेखाकडे दिला आणि डोळे मिटले. मी माळ त्यांच्या दोन्ही हातांत ठेवली. काही सांगावं लागलं नाही. बोटं आपोआप चालू लागली, एकेक पुतळी अंगठ्याखालून सरकायला लागली. घोड्यापाशी आली. अंगठा एकदा घोड्यावरून फिरला, मग कडेला गेला, कडेकडेने खाली गेला आणि एका जागी थांबला. तिथेच नखानं दोनदा खरवडलं.

मावशींच्या तोंडावर काय झालं ते मला लिहिता येत नाही. आधी ओठ हलले. मग त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "हा तं राजूचा दात आहे."

मग त्यांनीच सांगितलं. राजू अंगावर पीत होता तेव्हा त्याला दात येत होते. हाताला लागेल ते तोंडात घालायचा. एकदा माळेतला घोडाच धरला आणि असा चावला की कडेला बारीक खळगी पडली. सासू फार ओरडली होती, सोनं चावलं म्हणून. मावशींनी ती खळगी कधी कोणाला दाखवली नव्हती. राजू गेल्यावर तर मुळीच नाही. रोज हात मात्र तिथे जायचा.

सुनीता पुढे सरकली. "कुठी, आई?"

मावशींनी तिचं बोट धरलं आणि त्या जागेवर ठेवलं. सुनीताला हे माहीत नव्हतं. पाच वर्षांच्या संसारात नवऱ्यानेही तिला कधी सांगितलं नव्हतं, त्याला तरी कुठून आठवणार. तिचं बोट बराच वेळ तिथेच राहिलं. दरवाजापाशी घोषसाहेब एक चप्पल घालून उभे होते, दुसरी हातात. ते परत आले, भिंग लावून वाकले आणि हळूच म्हणाले, "ये मैंने भी नहीं देखा था." मग रुमाल काढून नाक शिंकरलं. रेखा रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. ती रडत होती. राजू तिचाही भाऊ होता.

मला वाटलं आता झालं. मावशींनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी डोळे पुसले, माळ माझ्यापुढे टाकली आणि हुकूम सोडला, "कुसुम, दोरा काप. इच्या गळ्याच्या मापानं गाठ. आजपासून हे घालन." मावशींची मान आखूड आणि भरलेली, सुनीताची उंच. प्रत्येक माळ कोणत्या तरी एका गळ्याची असते, दुसरीला नीट बसत नाही. म्हणजे मावशी नुसती माळ देत नव्हत्या, परत न घेण्याची व्यवस्था करत होत्या. आणि विधवा, रीत, हे काहीही त्यांनी मधे आणलं नाही. मी कात्री उचलली.

"थांबा काकू," सुनीता म्हणाली.

ती सासूकडे वळली. आवाज चढवला नाही. "आई, चोर मले इथं नाही म्हटलं. गल्लीतल्या बायांसमोर म्हटलं. ओट्यावर माळ घालून मी काय करू? त्या बाया मले उद्या नळावर भेटतीन."

मावशींना कोणाचं असं तोंडावर बोलणं ऐकायची सवय नव्हती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. नव्या डोळ्यांनी त्यांनी सुनेला एवढं निरखून पहिल्यांदाच पाहिलं असेल. मी कात्री हातात धरून बसले होते. मग त्या मला म्हणाल्या, "तू गाठ. माप घे."

मी सुनीताच्या गळ्याचं माप घेतलं आणि गाठायला बसले. तिघी समोर बसल्या होत्या. इतकी वर्षं झाली या धंद्याला, पण ज्या कामाकडे इतकी माणसं श्वास रोखून बघत होती असं काम तेवढंच. घोषसाहेबही थांबले होते. मी एकही गाठ दुसऱ्यांदा मारली नाही.

मग मावशी उठल्या. माळ स्वतः सुनीताच्या गळ्यात घातली, तिचा हात धरला आणि गल्लीकडे चालू लागल्या. मी सेठला गादीकडे बघायला सांगून मागोमाग गेले, कारण मला राहवलं नाही. रेखाही मागून आली, आईचा चष्मा हातात घेऊन. पहिल्या दारावर मावशींनी स्वतः कडी वाजवली. बाई बाहेर आली. मावशी म्हणाल्या, "काल मी इले चोर म्हटलं. माहं चुकलं. घोडा माहाच आहे, पाहून घे." बाईने घोडा पाहिला, सुनीताचा गळा पाहिला. मावशी पुढच्या दारी गेल्या. तिथेही तेच. मग त्याच्या पुढच्या. एकीने "जाऊ द्या ना मावशी, घरातली गोष्ट" म्हटलं, तर तिला ऐकवलं, "काल तं तू दारात उभी राहून सगळं ऐकलं. आज हेही ऐक." काल जिथून जिथून बाया आल्या होत्या ते एकही दार त्यांनी सोडलं नाही. उन्हाने त्यांचे डोळे पाणावले होते, पण थांबायचं नाव नाही. चौथ्या की पाचव्या दारापाशी रेखा पुढे झाली आणि मावशी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "मी पण चुकली, काकू."

शेवटचं घर झालं तेव्हा सुनीताने इतका वेळ धरलेला सासूचा हात सोडला. रेखाच्या हातातून चष्मा घेतला, पदरानं पुसला आणि सासूच्या डोळ्यांवर चढवला.

"चला आता घरी," ती म्हणाली. "डोळ्यात औषध टाकाची वेळ निघून चालली."